क्रूझला परदेशी जाताय? बॅग भरायच्या आधी कागद जुळवा

क्रूझ बुक झाली की घरात पहिली चर्चा होते कपड्यांची, दुसरी जेवणाची (व्हेज मिळतं, जैनही बऱ्याच ठिकाणी मिळतं, तो प्रश्न सोडा), आणि कागदपत्रांची आठवण येते ती निघायच्या आठवड्यात. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत आता कोणी क्रूझ ठरवली की मला फोन येतो, कारण सासूबाई, आई-बाबा, लहान मुलं आणि लग्नानंतर नाव बदललेली नणंद अशा सगळ्यांच्या फायली मी स्वतः बसून जुळवल्यात. फोनवर दरवेळी तेच तेच सांगते म्हणून इथे सगळं लिहून टाकतेय.

विमानाने सिंगापूरला गेलात तर एकाच देशाचे नियम बघायचे असतात. जहाज मात्र चार बंदरांना थांबतं, त्यातली दोन वेगळ्या देशांत असतात आणि शेवटी ते पहिल्याच बंदरात परत येतं. म्हणजे तुम्हाला कोणते कागद लागणार हे जहाजाचा रूट ठरवतो, एजंटचं ब्रोशर किंवा शेजाऱ्यांचा अनुभव नाही. शेजारी गेले तेव्हा जहाज दुसरीकडून गेलं असेल.

१. रूट कागदावर उतरवा, तोही हाताने

बुकिंग कन्फर्मेशनमध्ये दिवसवार बंदरांची यादी असते. एक वही घ्या आणि चार रकाने पाडा: तारीख, बंदर, देश, आणि "या देशात आपण आधी येऊन गेलोय का". हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी बघत नाही.

समजा जहाज सिंगापूरहून निघालं, मलेशियात पोर्ट क्लांगला थांबलं, तिथून थायलंडला फुकेत, आणि परत सिंगापूर. म्हणजे सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा शिरताय, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने, इमिग्रेशनच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रवेश. व्हिसावर एकच एंट्री असेल तर जाताना काही कळत नाही, परत येताना अडकायला होतं. सिंगापूरचा टुरिस्ट व्हिसा सहसा मल्टिपल एंट्रीचा येतो म्हणून तिथे बोंब कमी होते. दुबईला मात्र हे हमखास होतं. दुबईहून निघून मस्कत किंवा दोहाला जाऊन परत दुबईला येणारी क्रूझ असते आणि लोक नेहमीसारखा सिंगल एंट्री व्हिसा काढून मोकळे होतात. ऑफिसमधल्या एकाला त्याच्या एजंटने असाच व्हिसा काढून दिलेला, तो चेक-इन काउंटरवर लक्षात आला आणि अख्खं कुटुंब बॅगा घेऊन परत हॉटेलवर. पैसे? क्रूझच्या अटींमध्ये स्पष्ट असतं, कागद अपुरे म्हणून चढू दिलं नाही तर रिफंड नाही.

२. मुळात पासपोर्ट लागणार आहे का ते बघा

मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप किंवा समुद्रात फिरून परत मुंबईला येणारी क्रूझ असेल तर पासपोर्टची गरज नाही, आधार, व्होटर कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स असं सरकारी फोटो ओळखपत्र चालतं, पण ओरिजिनल न्या. पॅन कार्डवर पत्ता नसतो, त्यामुळे फक्त पॅन घेऊन बॅलार्ड पिअरला पोचू नका. लक्षद्वीपला बेटावर उतरायला परमिट लागतं, ते बहुतेक वेळा क्रूझवालेच काढतात पण तुमचे डिटेल्स वेळेत मागतात, त्या मेलला उत्तर द्या.

चेन्नईहून श्रीलंकेला जाणारी क्रूझ मात्र परदेशी. जहाज भारतीय बंदरातून निघतं, जेवायला इडली-डोसा असतो, सगळी माणसं आपलीच, म्हणून लोकांना वाटतं आधारवर जमून जाईल. जमत नाही. जहाज एकदा दुसऱ्या देशाच्या बंदराला लागलं की पासपोर्ट, विषय संपला.

आता एक मोठा सापळा. गुगलवर शोधलंत की अमेरिकन वेबसाइट्स वर येतात आणि त्यात छातीठोकपणे लिहिलेलं असतं की क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला आणि फोटो आयडी पुरे. ते खरं आहे, पण अमेरिकन नागरिकांसाठी, आणि तेही अमेरिकेच्या बंदरातून निघून त्याच बंदरात परत येणाऱ्या कॅरिबियनसारख्या क्रूझपुरतं. आपल्याला ते लागू नाही. ठाणे महापालिकेचा जन्मदाखला मायामीला कोणी बघणार नाही. त्यामुळे कुठलाही लेख वाचताना तो कोणत्या देशाच्या नागरिकाने कोणासाठी लिहिलाय ते आधी बघा.

आधार, डिजिलॉकर, मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो, यातलं काहीही परदेशी इमिग्रेशनला चालत नाही. पुस्तकच लागतं.

३. घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर काढा आणि एकेक तपासा

बुकिंगच्या आधी हे करा. प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून या गोष्टी बघा:

- मुदत. जहाज सोडायच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने हवी. युरोपात शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) नियम बाहेर पडल्यानंतर ३ महिन्यांचा आहे, पण क्रूझ कंपन्या साधारण ६ महिनेच मागतात, तेव्हा ६ धरूनच चला. एक्सपायरी डेट प्रवासानंतरची आहे म्हणजे चालेल, असा हिशोब करू नका.
- कोरी पानं. दोन तरी हवीत, रूटमध्ये देश जास्त असतील तर जास्त.
- अवस्था. फोटोच्या पानाचं लॅमिनेशन सुटलंय का, पावसाळ्यात कपाटात ओल लागून पानं चिकटलीत का, बाळाने पेनने रेघोट्या मारल्यात का. हसू नका, हे सगळं बघितलंय. असा पासपोर्ट अधिकारी नाकारू शकतो.
- जुना पासपोर्ट. नवीन घेतला असेल पण अमेरिकेचा व्हिसा जुन्यात असेल तर दोन्ही न्यायचे. कॅन्सल केलेल्या पासपोर्टातला व्हिसा मुदतीत असेल तर चालतो, फक्त ते पान फाटलेलं किंवा कापलेलं नको.
- ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. आई-बाबांच्या पिढीत दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का असतो. फिरायला जाण्यासाठी त्याने अडत नाही, ती क्लिअरन्स नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, पण परतीचं तिकीट आणि क्रूझचं बुकिंग हातात छापील ठेवा म्हणजे मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवर उत्तरं देत बसावं लागत नाही. वयाने पन्नाशी ओलांडलेले लोक ईसीआरमधून सुटतात, म्हणून त्यांचा पासपोर्ट पुढच्या वेळी रिन्यू होईल तेव्हा ते काढून घ्या.

लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो हे पालक हमखास विसरतात. मोठ्यांचा १० वर्षांचा असल्यामुळे डोक्यात तोच आकडा असतो.

४. नवा काढायचा किंवा रिन्यू करायचा असेल तर

अर्ज ऑनलाइन, पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवर. साइटच्या नावाच्या शेवटी गव्ह डॉट इन असायला हवं, नसेल तर बंद करा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स आहेत आणि त्या पैसे घेऊन अपॉइंटमेंटचं नुसतं आश्वासन देतात. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,०००, तत्काळ असेल तर वर आणखी २,०००. १८ खालच्या मुलांची १,०००. याच्यापेक्षा जास्त कोणी मागत असेल तर तो त्याच्या कष्टाचे घेतोय, सरकारचे नाही. वारंवार फिरणार असाल तर ६० पानी घ्या, फरक पाचशे रुपयांचा आहे.

ठाणेकरांना वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र जवळ. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे वागळेला तारीख मिळत नसेल तर दुसरं केंद्र बघा, नवी मुंबईच्या मंडळींनी पण तसंच. आत गेल्यावर टोकन मिळतं आणि ए, बी, सी असे तीन काउंटर होतात. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, बी वर तपासणी, सी वर मंजुरी. मोठ्यांनी फोटो न्यायची गरज नाही, ४ वर्षांखालच्या मुलांचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो मात्र न्यावा लागतो.

ए काउंटरवर तुमची माहिती स्क्रीनवर दाखवतात आणि "सगळं बरोबर आहे ना" असं विचारतात. इथे घाई करू नका. मागे रांग असते, टोकन पुढे सरकत असतं, सासूबाई "हो हो" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, मी थांबवलं आणि अक्षर अक्षर वाचलं तर लक्ष्मीच्या स्पेलिंगमध्ये आधारला एक्स आणि अर्जात केएसएच. तिथल्या मुलीने दोन मिनिटांत दुरुस्त करून दिलं. हेच पासपोर्ट छापून आल्यावर दिसलं असतं तर पुन्हा री-इश्यू, पुन्हा फी.

पत्त्याचा घोळ आपल्याकडे फार. आधारवर साताऱ्याचा किंवा गावचा पत्ता, राहतो खारघरला भाड्याने. अर्जात सध्याचा पत्ता द्यायचा आणि पोलीस व्हेरिफिकेशन तिथेच होतं. रजिस्टर्ड भाडेकरार पुरावा म्हणून चालतो, नुसता स्टॅम्पपेपरवरचा नाही. आणि अर्ज टाकून लगेच गणपतीला गावी निघून जाऊ नका. पोलीस येऊन दार बंद बघून गेले आणि शेजाऱ्यांनी "ते इथे नसतात" म्हटलं की रिपोर्ट उलटा जातो, मग तो सरळ करायला पुन्हा खेपा.

२०२३ च्या १ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. दाखल्यावर बाळाचं नाव चढवलंय का ते आधी बघा, बऱ्याच जणांचा दाखला हॉस्पिटलमधून नोंद झाली तेव्हाचा बिननावाचा असतो. नाव नसेल तर प्रभाग कार्यालयात जाऊन चढवून घ्या, पासपोर्टची अपॉइंटमेंट त्यानंतर.

री-इश्यूला गेलात की जुना पासपोर्ट कॅन्सलचा शिक्का मारून परत देतात. तो परत घ्या आणि जपून ठेवा.

५. नाव: आपल्याकडच्या लोकांची खरी डोकेदुखी

हा भाग नीट वाचा, बाकीचा सोडून दिलात तरी चालेल.

पासपोर्टवर दोन रकाने असतात, सरनेम आणि गिव्हन नेम. आपल्या पद्धतीत गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. क्रूझच्या फॉर्ममध्ये फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम असे तीन रकाने येतात आणि विमानाच्या तिकिटात पुन्हा दोन. नियम एकच, पासपोर्टवर जे आहे ते जसंच्या तसं, गिव्हन नेममधलं सगळं फर्स्ट नेममध्ये किंवा फर्स्ट-मिडलमध्ये वाटून, पण काही गाळायचं नाही, घरचं नाव किंवा शॉर्टफॉर्म नाही. पासपोर्टवर "सुनीता प्रकाश" असेल तर बुकिंगमध्ये नुसतं "सुनीता पी" नको.

आता लग्न झालेल्या मुली. माहेरचं नाव पासपोर्टवर, सासरचं आधारवर, बँकेत तिसरंच, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. हनिमूनला क्रूझ असेल तर बहुतेक जण लग्नाआधी बुक करतात आणि नवरा हौसेने बायकोचं नवं नाव टाकतो. टाकू नका. जे नाव त्या दिवशी पासपोर्टवर असेल तेच तिकिटावर, व्हिसावर, क्रूझवर. परदेशी अधिकाऱ्याला आधारशी देणंघेणं नाही, त्याला पासपोर्ट आणि बुकिंग जुळायला हवं एवढंच. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, तो मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, लागला तर उपयोगी पडतो.

नाव बदलायचंच असेल तर प्रवासाआधी पुरेसा वेळ हातात ठेवून बदला किंवा सरळ परत आल्यावर बदला. मधल्यामध्ये केलंत तर व्हिसा जुन्या नावावर, पासपोर्ट नव्या नावावर, क्रूझ कोणत्या नावावर हे तुम्हालाच आठवणार नाही. पहिलं नावही बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये प्रसिद्ध करावं लागतं, त्याला वेळ जातो. माझ्या नणंदेचा पासपोर्ट आम्ही माहेरच्या नावावरच ठेवला, सगळं बुकिंग त्याच नावावर केलं, कुठेही कोणी काही विचारलं नाही. तिच्या सासरी जरा वाईट वाटलं, पण जहाजावर आडनावाने हाक मारतंय कोण.

ज्यांच्या पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा आहे, म्हणजे एकच नाव, त्यांनी दुबईच्या क्रूझला जास्त लक्ष द्या. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसाने प्रवेश बंद केलाय. जुन्या पासपोर्टांत, विशेषतः आजी-आजोबांच्या, असं असतं.

६. व्हिसा, बंदराप्रमाणे

वहीतला रूट पुढे ठेवा आणि प्रत्येक देशासमोर लिहा.

सिंगापूर-मलेशिया-थायलंड: भारतीयांसाठी सर्वात सोपा आणि आपल्याकडे सर्वात जास्त विकला जाणारा रूट. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन निघतो. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिलीय आणि थायलंडचीही आहे, पण या दोन्ही सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीवरच्या, मुदत वाढते, दिवस कमी-जास्त होतात. निघायच्या महिन्यात त्या देशांच्या सरकारी साइटवर पुन्हा बघा.

युरोप: शेंगेन व्हिसा, फी मोठ्यांना ९० युरो, ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, सुट्ट्यांच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून लवकर करा. कोणत्या देशाकडे अर्ज करायचा, तर जिथे जास्त दिवस राहणार तिथे, सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे पहिला प्रवेश. क्रूझमध्ये इटलीत एक दिवस, फ्रान्समध्ये एक, स्पेनमध्ये एक असं असतं, तर हॉटेलचे दिवस धरून मोजा आणि अर्जाबरोबर पूर्ण दिवसवार कार्यक्रम लावा. जहाज ग्रीसमधून टर्कीतल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येत असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येताय, मल्टिपल एंट्री मागा आणि अर्जात तसं लिहा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, शेजारचं माँटेनेग्रो नाही. साउदॅम्प्टनहून निघणारी क्रूझ म्हणजे ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेन वेगळा. ब्रिटन आणि युरोप एकच समजून खूप जण फसतात.

अलास्का: सिएटलहून निघते, बघायचा सगळा अमेरिकेचाच भाग, मग लोक म्हणतात यूएस व्हिसा आहे, झालं. पण अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये कुठल्याही परदेशी बंदराला न थांबता परत अमेरिकन बंदरात सोडता येत नाही, आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याची. म्हणून ती जहाजं कॅनडात, बहुतेकदा व्हिक्टोरियाला, काही तास तरी थांबतात. त्या काही तासांसाठी आपल्याला कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे महिने जाऊ शकतात, म्हणून इथे आधी व्हिसा, मग क्रूझचे पूर्ण पैसे.

"आम्ही त्या बंदराला उतरणारच नाही, जहाजावरच बसू" हे उत्तर मला सगळे देतात. चालत नाही बहुतेक ठिकाणी. बऱ्याच कंपन्या रूटमधल्या प्रत्येक देशाचा व्हिसा चढतानाच बघतात, तुम्ही उतरा किंवा नका उतरू. काही बंदरांत क्रूझ प्रवाशांना दिवसापुरती सूट असते, तशी असेल तर क्रूझ कंपनीकडून मेलवर लेखी घ्या आणि प्रिंट काढा, एजंटच्या व्हॉट्सॲपवरचं "नो इश्यू मॅडम" पुरावा नाही.

सोबत अमेरिकेतले नातेवाईक येणार असतील तर त्यांचे नियम त्यांच्या पासपोर्टप्रमाणे. ओसीआय कार्ड हा भारतात यायचा कागद आहे, ते पासपोर्ट नाही, पण क्रूझ भारतात संपत असेल तर ते हवंच.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेचं बंदर असेल तर यलो फीवरची लस बघा, दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि भारतात परत येतानाही तो मागतात.

७. मुलं आणि आजी-आजोबांची ट्रिप

आई-वडील दोघंही सोबत असतील तर मुलांचा पासपोर्ट, व्हिसा आणि जन्मदाखल्याची कॉपी पुरते. एकच पालक असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र लागू शकतं, आणि आजी-आजोबा नातवंडांना नेत असतील तर आई-वडील दोघांचं. इंग्रजीत लिहा, त्यात प्रवासाच्या तारखा, जहाजाचं नाव, बंदरं, मुलाचा पासपोर्ट नंबर, दोघांच्या सह्या, आणि नोटरी करून घ्या. ठाण्यात कोर्ट नाक्याला नोटरी बसतात, अर्ध्या तासाचं काम. पालकांच्या पासपोर्टच्या कॉपीज जोडा.

मूल अगदी तान्हं असताना काढलेला पासपोर्ट आणि आता चार वर्षांचं पोर, फोटो ओळखू येत नाही, तरी मुदत असेल तर चालतो. जन्मदाखला सोबत असला की प्रश्न लवकर मिटतात.

८. अरायव्हल कार्डं, म्हणजे फुकटचं काम ज्याचे पैसे घेतात

सिंगापूरला एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाला एमडॅक, थायलंडला मे २०२५ पासून टीडॅक. ही म्हणजे देशात शिरायच्या आधी भरायचे फॉर्म, तिन्ही ऑनलाइन, तिन्ही पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची, तिन्ही फुकट. पण सर्च केलं की वर जाहिरातीतल्या साइट्स येतात आणि माणशी दोन-चार हजार मागतात. पैसे मागितले की चुकीच्या साइटवर आहात.

क्रूझमध्ये गंमत अशी की तारखा वेगवेगळ्या. मलेशियाची तारीख जहाज पोचायची, थायलंडची तशीच, आणि सिंगापूरला जहाजाने परत येताना तो नवा प्रवेश म्हणून कार्ड पुन्हा. जहाजावरचं वायफाय महाग आणि संथ, म्हणून निघायच्या आधी किंवा बंदराला नेटवर्क असताना भरून पीडीएफ सेव्ह करा, एकाच्या मोबाइलमध्ये सगळ्यांची आणि दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये कॉपी.

९. पाऊचमध्ये काय

पासपोर्ट (जुना-नवा दोन्ही), व्हिसाच्या प्रिंट, क्रूझचा बोर्डिंग पास, विमानाची जायची-यायची तिकिटं, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स, मुलांचे दाखले-संमतीपत्र, विवाह दाखला लागत असेल तर, दोन-चार पासपोर्ट साइज फोटो, आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. आधार घरीच ठेवलंत तरी चालेल, पण विमानतळापर्यंत पोचताना कामी येतं म्हणून मी ठेवते. पॅन बुकिंगच्या वेळी टीसीएससाठी (परदेशी टूरच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर) लागतं, प्रवासात नाही. आणि हो, तिकिटावर मुंबईचं कोणतं विमानतळ आहे ते वाचा, आता नवी मुंबईचंही सुरू झालंय, नेरुळमधून निघून उगाच अंधेरीला पोचाल.

हा पाऊच गळ्यात किंवा हँडबॅगेत. क्रूझ टर्मिनलला पोचलात की गेटवरच हमाल मोठ्या बॅगा घेतात, त्यांवर केबिन नंबरचा टॅग असतो आणि त्या थेट केबिनबाहेर येतात, कधी कधी संध्याकाळपर्यंत. पासपोर्ट त्या बॅगेत राहिला तर तुम्ही इमिग्रेशनच्या रांगेत आणि पासपोर्ट जहाजाच्या पोटात. सिंगापूरच्या टर्मिनलला आमच्या पुढच्या कुटुंबातले काका दोन ट्रॉल्या ढकलून देऊन मोकळे झाले आणि मग काकूंनी विचारलं, "अहो, निळी पर्स कुठंय?" ती पर्स शोधायला दोन कर्मचारी आणि तासभर गेला.

१०. जहाजावर चढल्यावर आणि पासपोर्ट हरवला तर

काही जहाजांवर चेक-इनला पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा ठरावीक बंदराआधी परत देतात. घाबरू नका, बंदरांच्या इमिग्रेशनसाठी ते एकत्र ठेवतात. पावती देतात ती सांभाळा. तुम्हाला मिळतं जहाजाचं कार्ड, केबिनची किल्ली, बिल आणि चढ-उतार सगळं त्याच्यावरच. बंदरावर उतरताना ते कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि त्या बंदरात पासपोर्टच लागतो असं जहाजाने सांगितलं असेल तर पासपोर्ट, एवढं घ्या. आदल्या रात्री केबिनमध्ये जो छापील कागद येतो किंवा ॲपवर सूचना येते त्यात हे लिहिलेलं असतं, लोक त्यात फक्त शोची वेळ बघतात.

पासपोर्ट परत मिळाला की काउंटरवरच उघडून बघा तुमचाच आहे का. पाटील आडनावाची तीन कुटुंबं एका जहाजावर असणं काही नवल नाही.

हरवलाच तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग जवळची भारतीय वकिलात. तातडीत इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत यायला, त्याच्यावर पुढच्या बंदरांना जाता येत नाही, क्रूझ तिथेच संपते. वकिलातीत झेरॉक्स आणि फोटो लगेच लागतात, म्हणून वर वेगळ्या बॅगेत ठेवायला सांगितलं. बंदरावर उशीर होऊन जहाज सुटलं तर प्रत्येक बंदरात कंपनीचा पोर्ट एजंट असतो, त्याचा नंबर त्याच रोजच्या कागदावर छापलेला असतो. उतरताना त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि आई-बाबा सोबत असतील तर तो नंबर त्यांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्या, कारण परदेशात त्यांचा फोन लागेलच असं नाही.